सहा डिसेंबरनंतरचा दिवस

शाळेच्या परिपाठात प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार आणि बातम्या यांच्या जोडीला दिनविशेषालाही एक लहानसा मान असतो. आदल्या दिवशी एखादा विद्यार्थी वाचनालयातून चार ओळी टिपून घेतो आणि सकाळी फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहितो. अमुक साली अमुक घडले, अमुक साली तमुक यांचा जन्म, तमुक साली अमुक यांचे निधन. दुसऱ्या दिवशी फळा पुसला जातो आणि नवी तारीख लिहिली जाते. इतिहास या विषयाशी बहुसंख्य मुलांचा रोजचा संबंध एवढाच असतो. म्हणूनच या चार ओळींकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे, असे इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला वाटते. त्या ओळी कोण निवडतो, कोणत्या ओळी सुटतात आणि एकाच तारखेखाली आलेल्या दोन घटनांमध्ये खरोखर काही नाते असते काय, हे प्रश्न मुलांना पडले, तरच तो दिनविशेष इतिहास ठरतो. एरवी ती केवळ नावांची यादी होय.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या सर्वांच्या अंतःकरणाच्या सर्वांत जवळची एक तारीख मी विचारार्थ घेतो. ती म्हणजे ६ डिसेंबर. या दिवशी आपल्या फळ्यावर पहिली ओळ कोणती असते, हे सांगण्याची गरज नाही. १९५६ साली परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. परंतु त्याच तारखेला जगाच्या पाठीवर इतरही काही घडलेले आहे. त्यातील काही घटनांचा बाबासाहेबांच्या कार्याशी संबंध आहे, काहींचा नाही. हे वेगळे करता येणे म्हणजेच इतिहास शिकणे.

पहिली घटना ६ डिसेंबर १८६५ ची. अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीला जॉर्जिया या राज्याने त्या दिवशी मान्यता दिली. तत्कालीन ३६ राज्यांपैकी २७ राज्यांची संमती आवश्यक होती आणि जॉर्जिया हे सत्ताविसावे राज्य होते. त्या संमतीने संपूर्ण अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. वरवर पाहता ही घटना आणि आपला ६ डिसेंबर यांत निव्वळ योगायोग आहे. परंतु अवघ्या आठ वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली, त्यांना अर्पण केला. सातासमुद्रापलीकडच्या मुक्तीत आपल्या शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीची शक्यता पाहणारा तो द्रष्टा पुरुष होता. पुढे त्याच अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात, १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबांनी अध्ययन केले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विख्यात नेते आणि विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या निवेदनाची प्रत मागितली. जोतीरावांपासून बाबासाहेबांपर्यंतचा हा धागा योगायोगाचा नाही. तारीख जुळणे हा अपघात असू शकतो, पण विचार जुळण्यासाठी माणसांनी वाचलेले, लिहिलेले आणि झिजलेले असावे लागते.

या पहिल्या ओळीत आणखी एक धडा आहे. तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम करून घेण्याचा अपवाद तसाच ठेवला. दक्षिणेकडील राज्यांनी या फटीचा पुरेपूर उपयोग केला. भटकेपणासारख्या किरकोळ आरोपांखाली मुक्त झालेल्या माणसांना पकडायचे, शिक्षा सुनावायची आणि कैदी म्हणून मळेवाल्यांना व खाणमालकांना भाड्याने द्यायचे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. मिसिसिपी या राज्याने तर या दुरुस्तीला १९९५ साली मान्यता दिली आणि त्याची औपचारिक नोंद २०१३ साली झाली. आपल्या संविधानसभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारले. आज ते सतरावे कलम म्हणून आपण ओळखतो. त्यानंतर वर्षभरातच, २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच्या भाषणात, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता असे विसंगतीचे जीवन आपण सुरू करणार आहोत, असा इशारा बाबासाहेबांनी दिला. कायदा झाल्याची तारीख फळ्यावर लिहिता येते. कायदा माणसांच्या वागण्यात उतरल्याची तारीख मात्र कोणत्याही दिनदर्शिकेत छापलेली नसते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

दुसरी ओळ जन्माची. ६ डिसेंबर १८२३ रोजी जर्मनीतील डेसाऊ येथे मॅक्स म्युलर यांचा जन्म झाला. त्यांच्या संपादनाखाली पौर्वात्य धर्मग्रंथांची पन्नास खंडांची इंग्रजी ग्रंथमाला निघाली. त्या मालेच्या दहाव्या खंडात धम्मपदाचा स्वतः म्युलर यांनी केलेला अनुवाद आहे आणि पंचविसाव्या खंडात ब्यूलर यांनी केलेला मनुस्मृतीचा अनुवाद आहे. एकाच मांडणीवर, एकाच रंगाच्या बांधणीत, तथागतांचे वचन आणि मनूचे विधान शेजारी शेजारी उभे राहिले. अभ्यासकाच्या दृष्टीने दोन्ही ग्रंथच. परंतु २५ डिसेंबर १९२७ रोजी कोकणच्याच भूमीत, महाड येथे, मनुस्मृतीचे दहन झाले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे तथागतांचा धम्म स्वीकारला गेला. ग्रंथ जतन करणे हे विद्वानांचे काम आहे. त्यांतला कोणता जगण्याचा आधार करायचा आणि कोणता नाकारायचा, हा निर्णय मात्र ज्यांना ते नियम भोगावे लागले त्यांनी घेतला. येथे म्युलर यांची जन्मतारीख आणि बाबासाहेबांची स्मृतीतारीख यांत काही दैवी संकेत शोधण्याचे कारण नाही. धम्म आपल्याला असल्या संकेतांवर विसंबायला शिकवीत नाही.

तिसरी ओळ मृत्यूची. ६ डिसेंबर १९६१ रोजी फ्रांझ फॅनन हे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक अमेरिकेतील एका रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने निवर्तले. त्यांचे वय अवघे ३६ होते. मार्टिनिक बेटावर जन्मलेल्या फॅनन यांनी अल्जेरियातील रुग्णालयात काम करताना परकीय सत्ता माणसाच्या मनात कोणते न्यूनत्व पेरते, याचा वेध घेतला. त्यांचा अखेरचा ग्रंथ मृत्यूच्या काही दिवस आधी प्रसिद्ध झाला. बाबासाहेबही अखेरच्या दिवसांत, आजारी देहाने, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे शेवटचे काम पूर्ण करीत होते. दलित माणसाच्या मनातील बेडी तोडल्यावाचून पायांतील बेडी तुटत नाही, हे दोघांनीही ओळखले होते. परंतु साम्य येथे संपते. शोषकांविरुद्धची हिंसा शोषिताला त्याचे माणूसपण परत मिळवून देते, असे फॅनन मानत. बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथील भाषणात बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून, बळाने आणलेली समता बळ संपताच कोसळते, मन पालटून आणलेली समता टिकते, अशी भूमिका मांडली. आपल्या मोठ्या वर्गांतील मुलांनी या दोघांची तुलना केली पाहिजे. ‘दोघेही महान होते’ एवढे लिहून दिनविशेष पुसून टाकणे, हा दोघांवरही अन्याय आहे.

चौथी ओळ लिहिताना अनेक शिक्षकांचा हात थबकतो. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडण्यात आली. पाठोपाठ देशभर दंगली उसळल्या. एकट्या मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन टप्प्यांत ९०० माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. ९ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात ती जागा मंदिरासाठी देतानाच, मशीद पाडणे हा कायद्याच्या राज्याचा भंग होता, असे सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले. मुलांसमोर हा विषय नको, असे काही पालक काळजीपोटी सांगतात. ती काळजी मी समजू शकतो. परंतु ज्या पुरुषाने या देशाला कायद्याचे राज्य देणारे संविधान घडवले, त्याच्याच स्मृतिदिनी कायद्याचे राज्य मोडले गेले, ही गोष्ट त्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेने शिकवायची नाही, तर कोणी शिकवायची? ती शिकवताना कोणत्याही समाजाबद्दल द्वेष पसरता कामा नये. मुंबईत मेलेल्यांमध्ये मुसलमान होते आणि हिंदूही होते. पाणातिपाता वेरमणी हे शील म्हणताना आपण मृताचा धर्म विचारत नाही.

आता मूळ ओळीकडे येऊ. धम्मदीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी, दिल्लीतील २६, अलिपूर रोड या निवासस्थानी, ६ डिसेंबरच्या पहाटे बाबासाहेब झोपेतच गेले. आदल्या रात्री त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित प्रत आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे आपल्याजवळ मागून घेतली होती. म्हणजे शेवटच्या रात्रीही त्यांच्यापुढे धम्माचा ग्रंथ आणि रिपब्लिकन पक्षाचे नियोजन, ही दोन कामे होती. ग्रंथ पुढे १९५७ साली प्रसिद्ध झाला. येत्या १६ डिसेंबरला मुंबईत मोठा धम्मदीक्षा समारंभ व्हावयाचा होता. तो समारंभ त्यांना पाहता आला नाही.

त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले. ७ डिसेंबर रोजी दादरच्या राजगृहातून निघालेली अंत्ययात्रा समुद्रकिनारी पोचली आणि बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. आणि त्याच ठिकाणी, बाबासाहेबांच्या पार्थिवासमोर, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. लाखाहून अधिक माणसांनी तेथे त्रिशरण आणि पंचशील उच्चारले.

या घटनेवर क्षणभर थांबून विचार करा. आधार गेलेला होता. गिरणीत, गोदीत, रस्त्यावर राबणारी माणसे रडत रडत समुद्रावर आली होती. अशा वेळी शोक करून घरी परतणे स्वाभाविक होते. नेता गेला, आता सारे संपले, असे म्हणणेही स्वाभाविक होते. त्यांनी यांपैकी काहीच केले नाही. नऊ दिवसांनी त्यांच्या हस्ते जे होणार होते, ते त्यांच्या पार्थिवाच्या साक्षीने त्या संध्याकाळीच घडले. दुःखाचे रूपांतर संकल्पात करण्याचे असे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळा. आणि तरीही आपल्या फळ्यावर ६ डिसेंबर असतो, ७ डिसेंबर नसतो. ७ डिसेंबरला आपण सशस्त्र सेना ध्वजदिन लिहितो आणि पुढे जातो. ध्वजदिन लिहावाच, सैन्यात सेवा केलेल्या महारांच्या पिढ्यांचे आपण वंशज आहोत. पण त्याखाली दुसरी ओळ असायला हवी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

ही ओळ का सुटली? माझ्या मते, एका व्यक्तीचा जन्म किंवा मृत्यू लक्षात ठेवणे सोपे असते. अनेकांनी मिळून केलेले काम लक्षात ठेवणे अवघड असते. आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण पाहा. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली, ही तारीख मुलांना तोंडपाठ असते. पुढे सुमारे तीन वर्षे भर समुद्रात ज्यांनी पाथरवटांची छिन्नी चालवली, चुना भाजला, पायात शिसे ओतले, होड्यांतून दगड वाहिले, त्यांची एकही तारीख नाही. किल्ला उभा आहे तो त्या बिनतारखेच्या तीन वर्षांमुळे. याच्या उलट उदाहरणही दूर नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाचा मुहूर्त साधून, राजकोट येथे शिवरायांच्या पुतळ्याचे थाटाने अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. नऊ महिनेही पूर्ण झाले नव्हते. मालवणच्या प्रत्येक माणसाच्या मनाला ती गोष्ट लागली. स्मारक तारखेला उभे करता येते, ते टिकते मात्र तारखेच्या मागे-पुढे झालेल्या कामावर. आपल्या स्मृतिदिनांनाही हाच नियम लागू आहे.

याला दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा की, ६ डिसेंबर हा आपल्या शोकाचा दिवस आहे आणि त्याला दुसरा दिवस जोडल्याने त्याचे पावित्र्य कमी होईल. मला तसे वाटत नाही. मेणबत्ती लावणे, शुभ्र वस्त्रे परिधान करून वंदना घेणे, शक्य असेल त्याने चैत्यभूमीवर जाणे, हे सारे व्हायलाच हवे. परंतु शोक हा शेवटचा शब्द नव्हे, हे त्या दिवशी दादरच्या किनाऱ्यावर आपल्याच आजोबा-पणजोबांनी दाखवून दिले आहे. दुसरा आक्षेप असा की, आणखी एक दिवस म्हणजे आणखी एक कार्यक्रम, आणखी हार, आणखी भाषणे. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच ७ डिसेंबरला कार्यक्रम नको, काम हवे.

ते काम कोणते, याविषयी माझी सूचना नम्रपणे मांडतो. १९५६-५७ च्या त्या दिवसांत धम्मदीक्षेची लाट मुंबईतून चाकरमान्यांच्या पत्रांबरोबर, गणपती-शिमग्याला गावी येणाऱ्या माणसांबरोबर कोकणातल्या वाड्यावाड्यांवर पोचली. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. आपल्या वाडीत दीक्षा कधी झाली, त्रिशरण प्रथम कोणी म्हटले, घरातले देव कोणत्या व्हाळात किंवा खाडीत सोडले, मेलेली ढोरे ओढणे आपण कोणत्या साली बंद केले, त्यानंतर गावाने काय केले, सार्वजनिक विहिरीवर पहिली कळशी कोणाची बुडाली, हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. हा इतिहास कोणत्याही दिनविशेषाच्या पुस्तकात नाही. एक वृद्ध माणूस गेला की त्याच्या वाडीची तारीख त्याच्याबरोबर जाते आणि ती परत कोणत्याही दप्तरखान्यात सापडत नाही.

म्हणून दरवर्षी ७ डिसेंबरला आठवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील किंवा वाडीतील एका वयोवृद्ध माणसाची आठवण लिहून आणावी. वसतिगृहातील मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत हे टिपण करावे आणि सात तारखेला ते वाचून दाखवावे. गाव, साल, सांगणाऱ्याचे वय आणि त्याचे शब्द, मालवणीत असतील तर मालवणीतच, जसेच्या तसे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोन्ही लिहावे. स्मरणशक्ती चुकते, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने शिकावे लागते. पाच वर्षांत आपल्या शाळेकडे संपूर्ण परिसराचा स्वतःचा दिनविशेष तयार होईल. मग फळ्यावर लिहिण्यासाठी बाहेरचे पुस्तक उघडावे लागणार नाही.

अशा स्थानिक नोंदींनी जगाच्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. १७ सप्टेंबर ही तारीख घ्या. फळ्यावर आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन लिहितो, आणि ते योग्यच आहे. त्याच तारखेला १८६४ साली अनागारिक धर्मपाल आणि १८७९ साली पेरियार जन्मले. आणि त्याच तारखेला १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ज्या खोतांच्या जाचाने कोकणातील कुळे पिढ्यान्पिढ्या भरडली गेली, त्यांच्याविरुद्धचा तो विधिमंडळातील घाव होता. पुढे १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले, त्यांत जातीचे बंधन उरले नव्हते. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. कोकणातील किती शाळांच्या फळ्यावर १७ सप्टेंबरला ही ओळ येते? ज्यांच्या आजोबांनी खोताचे वेठ केले, त्या कुणबी, भंडारी आणि गाबीत बांधवांच्या मुलांनाही ही तारीख आपली वाटली पाहिजे. बाबासाहेब केवळ आपले नव्हते, हे सांगायला भाषणापेक्षा ही एक ओळ अधिक उपयोगी पडेल.

माजी विद्यार्थ्यांना येथे एक विनंती करतो. आपल्यापैकी अनेक जण मुंबई, ठाणे, पुणे येथे स्थिरावले आहेत. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर असता, रांगेत तासन् तास उभे राहता, पुस्तकांच्या दुकानांतून खरेदी करता. त्या दुसऱ्या दिवशी, किंवा त्या आठवड्यात सवड होईल तेव्हा, शाळेत या. हार घेऊन येऊ नका. आपल्या व्यवसायाचा एक तास घ्या. परिचारिका असाल तर रक्तदाब कसा मोजतात ते दाखवा, वकील असाल तर सतरावे कलम प्रत्यक्ष खटल्यात कसे उभे राहते ते सांगा, बँकेत असाल तर दहावीच्या मुलाला स्वतःच्या नावाचा अर्ज भरायला शिकवा. पालकांनाही विनंती आहे. ‘तू अभ्यास कर, जुन्या गोष्टी कशाला?’ असे आजीला विचारायला आलेल्या मुलाला म्हणू नका. आजीपाशी बसणे हाही त्याचा अभ्यास आहे.

६ डिसेंबर आपल्याला मिळालेली तारीख आहे. ती कोणी निवडली नव्हती. ७ डिसेंबर मात्र माणसांनी घडवली आणि ती पुन्हा पुन्हा घडवता येते. येत्या वर्षापासून आपल्या फळ्यावर एक ओळ वाढवू या : ‘७ डिसेंबर १९५६. दादर, मुंबई. लाखाहून अधिक लोकांनी बाबासाहेबांच्या पार्थिवाच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली.’ आणि तिच्याखाली थोडी जागा मोकळी सोडू या. आपल्या वाडीची तारीख तेथे मुलांना लिहायची आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.